एकोणपन्नास अंश जास्त

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मागांच्या शेडला लागून एक लहानशी खोली आहे आणि त्या खोलीत भिंतीवर बसवलेला एक मिनी पीसी आहे. प्रत्येक मागावर किती पिक (आडव्या धाग्याचे फेरे) पडले, माग किती वेळा आणि कशामुळे थांबला, याची नोंद तो दिवसभर गोळा करतो आणि पाळी बदलताना तिचा तक्ता छापून देतो. यंत्र लिनक्सवर चालते, आत एएमडीचा प्रोसेसर आहे आणि पुरवठादाराने बसवून दिल्यापासून त्याच्या कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, कोणी हात लावलेला नव्हता. एप्रिल लागला तसे ते दुपारच्या पाळीत आपोआप बंद पडू लागले. या कारखान्यातल्या संगणकांची देखभाल माझ्याकडे असल्याने निरोप मला आला. लॉग पाहिला तर त्यात कारण स्वच्छ लिहिलेले होते: प्रोसेसरचे तापमान सलग तीन वेळा ९५ अंशांच्या वर, म्हणून यंत्र बंद केले. ही राखण करणारी छोटी स्क्रिप्टही पुरवठादाराचीच होती.

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून अधिक जाणवते, त्यामुळे यंत्र तापले म्हणून बंद पडले असे कोणी सांगितले तर त्यावर इथे कोणी शंका घेत नाही. पाळीवरचे जॉबर (मागांची देखरेख करणारे) तर हसून म्हणाले, ‘‘साहेब, आम्हीच इथं भाजून निघतोय, त्या डब्याचं काय घेऊन बसलाय?’’ मीही आधी तेच केले जे कोणीही केले असते. पेटी उघडली, तर हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये कापसाच्या बारीक तंतूंचा जाड थर बसलेला होता. टॉवेलच्या शेडजवळच्या कोणत्याही पंख्याची हीच गत होते. ब्लोअरने तो साफ केला, चिप आणि हीटसिंक यांच्यामधली जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसली आणि नवी पेठेतून आणलेली ताजी पेस्ट लावून हीटसिंक पुन्हा बसवला. तापमान दाखवणारी ‘सेन्सर्स’ ही कमांड चालवली, तर आधी ९६च्या आसपास असणारा आकडा ९३ वर आला होता आणि तिथेच थांबला. यंत्रावर त्या वेळी कोणतेही काम चालू नव्हते.

या तीन अंशांच्या उताराकडे मी बारकाईने पाहिले, कारण त्याने दोन गोष्टी सांगितल्या. सेन्सर जिवंत होता, थंडावा वाढला तसा त्याचा आकडा खाली आला होता. म्हणजे एखादी खोटी, गोठलेली संख्या तो दाखवत नव्हता. पण दाखवलेला ९३ हा आकडा समोरच्या वस्तूशी जुळत नव्हता. हीटसिंकवर बोट ठेवले तर ते आरामात ठेवता येत होते. रिकामा बसलेला हा प्रोसेसर जेमतेम काही वॅट वीज खातो, आणि एवढ्या थोड्या विजेत चिप आणि तिच्यावर घट्ट बसलेला हीटसिंक यांच्यात पन्नास अंशांचा फरक पडूच शकत नाही. पेस्ट नुकतीच बदललेली असल्याने मधल्या सांध्याला दोष देण्याचीही सोय उरली नव्हती. यंत्र पुन्हा सुरू करून बायॉसच्या (लिनक्सच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) पडद्यावर पाहिले तर तिथे ४६ अंश लिहिलेले होते. बायॉसमध्ये असताना प्रोसेसर पूर्ण विश्रांती घेत नाही, त्यामुळे तिथला आकडा लिनक्समधल्या निवांत अवस्थेतल्या आकड्यापेक्षा किंचित जास्तच असायला हवा. इथे तो अर्ध्यावर होता.

तापमान चुकते आहे हे एवढ्यावरून कळते, पण चूक कोणत्या जातीची आहे हे कळत नाही, आणि माझ्या मते ड्रायव्हरला, म्हणजे सेन्सर वाचणाऱ्या कर्नलच्या भागाला, हात लावण्यापूर्वी हेच ठरवायला हवे. चूक जर ठरावीक अंतराची असेल, तर कुठेतरी एक वजाबाकी राहून गेली आहे. चूक जर तापमानाबरोबर वाढत असेल, तर गुणकात घोटाळा आहे, म्हणजे एक पायरी किती अंशांची हेच चुकीचे धरले आहे. आणि आकडा जर मनमानी उड्या मारत असेल, तर आपण भलतेच रजिस्टर (चिपमधली आकडा ठेवण्याची जागा) वाचत आहोत. एकाच वेळच्या एका वाचनावरून यांपैकी काहीच सांगता येत नाही. ९३ मधून ४७ वजा करूनही ४६ येतात आणि ९३ ला दोनाने भागूनही साधारण तेच येते.

म्हणून वेगवेगळ्या तापमानांना तुलना करायची ठरवली. हीटसिंकचे तापमान मोजायला कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनकडचा, थर्मोकपलची तार असलेला मल्टिमीटर घेतला. कार्यालयात करोनाच्या काळातली कपाळावर धरायची बंदूकही पडून होती, पण ती माणसाच्या अंगाच्या तापापुरतीच चालते. कारखान्यातली मोठी इन्फ्रारेड बंदूक वापरता आली असती, मात्र चकचकीत ॲल्युमिनियमवर ती हमखास कमी तापमान दाखवते, कारण असा पृष्ठभाग स्वतःची उष्णता फार थोडी बाहेर टाकतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो. हीटसिंकवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्या तुकड्यावर बंदूक रोखली, तेव्हा तिचा आकडा थर्मोकपलशी जुळला आणि मल्टिमीटरवर माझा विश्वास बसला.

सर्वांत उपयोगी ठरली ती पहाटेची मोजणी. यंत्र रात्रभर बंद ठेवले की चिप, हीटसिंक आणि खोली ही तिन्ही एकाच तापमानाला येतात. सकाळी ते सुरू केल्याबरोबर पहिल्या काही क्षणांत चिप खोलीपेक्षा फार वर गेलेली असू शकत नाही. त्या वेळी खोलीत २९ अंश होते आणि लिनक्स सुरू होताच पहिले वाचन आले ८३. दुपारी रिकाम्या अवस्थेत हीटसिंक ४० च्या आसपास आणि वाचन ९३. मग स्क्रिप्ट तात्पुरती थांबवून सर्व कोअरवर पूर्ण भार टाकला, तेव्हा हीटसिंक ५६ पर्यंत चढला आणि वाचन ११८ वर पोहोचले. भाराखाली चिप आणि हीटसिंक यांतले अंतर वाढते, ते धरूनही प्रत्येक वेळी खरे तापमान आणि दाखवलेले तापमान यांत पन्नासच्या अलीकडे-पलीकडेच फरक येत होता. गुणकाचा घोटाळा असता तर पहाटेचा फरक लहान आणि भाराखालचा मोठा आला असता.

११८ हा आकडा आणखी एका कारणाने खोटा होता. या वर्गातल्या प्रोसेसरांची कमाल मर्यादा साधारणपणे ९५ ते १०५ अंशांत असते आणि तिथे पोहोचताच प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवतो. त्यासाठी त्याला ना कर्नल लागतो ना ड्रायव्हर. त्याही पलीकडे गेला तर हार्डवेअर स्वतःच वीज तोडते. इथे ११८ दाखवत असताना घड्याळाचा वेग तसूभरही उतरला नव्हता. प्रोसेसरला स्वतःचे तापमान नीट ठाऊक होते. ते आमच्यापर्यंत येताना वाटेत बिघडत होते.

एएमडीच्या प्रोसेसरांचे तापमान लिनक्समध्ये ‘के१०टेम्प’ हा ड्रायव्हर वाचतो आणि एचडब्ल्यूमॉन या व्यवस्थेमार्फत अंशाच्या हजाराव्या भागात मांडतो. म्हणजे ९३ अंश असतील तर फाईलीत ९३००० लिहिलेले दिसते. या ड्रायव्हरचा आणि ‘जादा अंशां’चा संबंध जुना आहे. २०१७ मध्ये रायझन बाजारात आले तेव्हा १७००एक्स आणि १८००एक्स यांसारखे काही प्रोसेसर खऱ्या तापमानापेक्षा २० अंश जास्त सांगत असत, आणि ते एएमडीने हेतुपुरस्सर केलेले होते, कारण पंख्यांचे धोरण सर्व मॉडेलांना एकच ठेवायचे होते. टीसीटीएल नावाने दिसणारे मूल्य मुळात पंखा चालवण्यासाठी आहे, चिपच्या खऱ्या तापमानाशी ते जुळेलच असे नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ड्रायव्हरमध्ये त्यासाठी मॉडेलच्या नावांची एक यादी घातली गेली: अमुक नाव असेल तर २० वजा करा, २७००एक्स असेल तर १०, थ्रेडरिपर असेल तर २७. या यादीत सुरुवातीला १६००एक्सच्या नावात ‘रायझन ५’ऐवजी ‘रायझन ७’ पडले होते, नाव जुळत नसल्याने त्या प्रोसेसरची वजाबाकी होत नसे आणि ते नंतर दुरुस्त करावे लागले. नावावरून दुरुस्ती करण्याची पद्धत किती नाजूक असते याचे हे बोलके उदाहरण आहे. आमचा प्रोसेसर यादीत नव्हता आणि पन्नासच्या घरातला कोणताही आकडाही त्या यादीत नव्हता.

इथे एक सोपी पळवाट होती आणि मालकांनी तिच्याबद्दल विचारलेही. ‘सेन्सर्स’च्या कॉन्फिगरेशन फाईलीत एक ओळ लिहून दाखवायच्या आकड्यातून हवे तेवढे वजा करता येते, मिनिटाचे काम. ती मी नाकारली. त्या ओळीचा परिणाम फक्त त्या लायब्ररीतून वाचणाऱ्या प्रोग्रामांवर होतो, आणि आमची स्क्रिप्ट थेट सिसएफएसमधली, म्हणजे कर्नल स्वतः मांडतो ती, फाईल वाचत होती, त्यामुळे पडद्यावर ४७ दिसत असताना यंत्र ९६ म्हणून बंद पडले असते. शिवाय उद्या कोणी कर्नल अद्ययावत केला आणि नव्या ड्रायव्हरने योग्य वजाबाकी केली, तर वरून आणखी एकदा वजाबाकी होऊन खऱ्या ९० ला ४१ दिसू लागले असते. तापमान जास्त दाखवणारे यंत्र त्रास देते, पण कमी दाखवणारे यंत्र गप्प राहते, आणि मला दुसऱ्याची भीती जास्त वाटते.

मग चालू असलेल्या कर्नलच्याच आवृत्तीचा ड्रायव्हरचा सोर्स उघडला. तापमान काढणारे फंक्शन आठ-दहा ओळींचे आहे. रजिस्टरमधला ३२ बिटांचा शब्द वाचायचा, त्यातले वरचे ११ बिट घ्यायचे, त्यांना १२५ ने गुणायचे, कारण एक पायरी अंशाच्या आठव्या भागाची आहे. आणि १९ व्या स्थानाचा बिट १ असेल तर ४९००० वजा करायचे. हा ४९ दिसताक्षणी माझी मोजणी आठवली. ११ बिटांत आठव्या भागाच्या पायऱ्यांनी शून्यापासून सुमारे २५६ अंशांपर्यंतची संख्या बसते. एएमडीने तिचे दोन पल्ले ठरवलेले आहेत: एक शून्यापासून २२५ पर्यंतचा आणि दुसरा उणे ४९ पासून २०६ पर्यंतचा. दुसरा पल्ला वापरात असेल तर मूळ आकड्यातून ४९ वजा केल्याशिवाय खरे तापमान मिळत नाही. आमचे यंत्र दुसऱ्या पल्ल्यात बोलत होते आणि ड्रायव्हर ते पहिल्या पल्ल्यात ऐकत होता, असा तर्क आता करता येत होता. पण मग १९ वा बिट शून्य कसा?

ते पाहण्यासाठी रजिस्टर उघडे करून बघणे भाग होते. एएमडीच्या झेन पिढीत हे रजिस्टर प्रोसेसरच्या अंतर्गत व्यवस्थापन जाळ्यात असते आणि तिथे पोहोचायला पीसीआयच्या मूळ उपकरणातली दोन स्थाने वापरावी लागतात. एकात पत्ता लिहायचा, दुसऱ्यातून उत्तर वाचायचे. हे कमांड लाईनवरूनही करता येते, परंतु त्याच क्षणी कर्नलनेही तीच दोन स्थाने वापरली तर एकाचे उत्तर दुसऱ्याच्या हाती पडते, म्हणून चालू यंत्रावर मी ते टाळले आणि ड्रायव्हरमध्येच कच्चा शब्द लॉगमध्ये छापणारी एक ओळ घातली. दुपारी ९३ दाखवत असताना वरचे ११ बिट होते ०१०१११०१०००, म्हणजे ७४४. भागिले आठ, बरोबर ९३. गणित चोख होते. त्यानंतर १९ व्या स्थानापासून १६ व्या स्थानापर्यंतचे चार बिट पाहिले, तर ते होते ००११. पल्ला निवडणारा १९ वा बिट खरोखरच शून्य होता, आणि १७ व १६ हे दोन्ही बिट १ होते, ज्यांच्याकडे आमच्या कर्नलमधला ड्रायव्हर ढुंकूनही पाहत नव्हता.

एएमडी आपल्या प्रोसेसर कुटुंबांसाठी प्रोग्रामिंगचे संदर्भग्रंथ प्रसिद्ध करते आणि त्यांत या रजिस्टरची बिटनिहाय फोड दिलेली असते. १७ व १६ या दोन बिटांचे मिळून एक वेगळे क्षेत्र आहे. त्याचे मूल्य ३ असेल, म्हणजे दोन्ही बिट १ असतील, तर हे तापमानाचे रजिस्टर एरवीसारखे केवळ वाचण्यापुरते राहत नाही, त्यात लिहिताही येते. आणि त्या अवस्थेत १९ वा बिट शून्य असला तरी आकडा ४९ वजा करूनच वाचायचा असतो. ७४४ च्या ९३ मधून ४९ गेले की ४४ उरतात. हीटसिंक ४० वर असताना निवांत चिपसाठी हा आकडा मला पूर्ण पटला. पहाटेच्या ८३ चे ३४ होतात आणि भाराखालच्या ११८ चे ६९.

यानंतर मुख्य कर्नलचा ताजा सोर्स पाहिला. हीच अट २०२३ मध्ये तिथे घातली गेलेली होती, आणि वाक्यरचनाही जवळपास मी कागदावर लिहिली होती तशीच होती. त्यामुळे नवा पॅच पाठवण्याचा प्रश्नच उरला नाही. तयार बदल जुन्या कर्नलवर उतरवणे एवढेच काम राहिले. बदल दोन ओळींचा आहे, पण त्यातली एक गोष्ट जपावी लागते. दोन बिटांचा मुखवटा लावून, म्हणजे बाकीचे बिट झाकून, ‘शून्य नाही ना’ एवढेच तपासले, तर त्या क्षेत्रात १ किंवा २ असतानाही ४९ वजा होतील आणि तापमान धोकादायकरीत्या कमी दिसेल. म्हणून मुखवटा लावून आलेले मूल्य मुखवट्याइतकेच आहे का, म्हणजे दोन्ही बिट १ आहेत का, असेच तपासले पाहिजे. सी भाषेत हे दोन प्रकार दिसायला इतके जवळजवळ आहेत की घाईत लिहिणाऱ्याच्या हातून पहिलाच उतरण्याची शक्यता अधिक.

बांधणीत विशेष काही नव्हते. पूर्ण कर्नल बांधण्याची गरज नसते. चालू आवृत्तीचे हेडर बसवले की हा एकच ड्रायव्हर वेगळा मॉड्यूल म्हणून काही सेकंदांत तयार होतो. अडले होते ते आधीच, कच्चा शब्द छापणारा ड्रायव्हर चढवताना, सिक्युअर बूटपाशी. ते चालू असताना ओळखीच्या किल्लीने सही न केलेले मॉड्यूल कर्नल उचलत नाही, म्हणून स्वतःची किल्ली तयार करून ती मोकयुटिल या साधनाने नोंदवावी लागली, आणि ती नोंद पक्की करण्याचा निळा पडदा पुढच्या बूटला काही सेकंदच थांबतो. भिंतीवरच्या त्या पेटीला स्वतःचा ना कीबोर्ड होता ना मॉनिटर. बायॉस पाहताना केले तसे हिशेबाच्या टेबलावरचे दोन्ही पुन्हा उचलून आणून जोडावे लागले आणि तेवढा वेळ बिलांचे काम थांबले. कर्नलच्या किरकोळ सुधारित आवृत्त्या आल्या तरी मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधले जावे, यासाठी ते डीकेएमएस या साधनाकडे सोपवले.

नवे मॉड्यूल चढवल्यावर त्याच तिन्ही अवस्थांत पुन्हा मोजणी केली. भाराखाली वाचन ६९-७० वर स्थिरावले, भार काढल्यावर काही मिनिटांत पन्नाशीच्या खाली आले, आणि हीटसिंकच्या खाली ते कधीच गेले नाही. ही शेवटची कसोटी मी आवर्जून लावतो: हवेने थंड होणारी चालू चिप तिच्या हीटसिंकपेक्षा वा खोलीपेक्षा थंड असूच शकत नाही, आणि सोलापूरच्या मे महिन्यात खोलीच ३८ अंशांवर असल्याने जास्तीची वजाबाकी लपून राहायला इथे फार थोडी जागा मिळते.

स्क्रिप्टमध्येही एक बदल केला, जो खरे तर पहिल्या दिवसापासून असायला हवा होता. ती एचडब्ल्यूमॉनचा ठरलेला क्रमांक धरून फाईल वाचत होती. हे क्रमांक ड्रायव्हर ज्या क्रमाने चढतील त्या क्रमाने मिळतात आणि बूटगणिक बदलू शकतात. एखाद्या दिवशी प्रोसेसरऐवजी एनव्हीएमई डिस्कचे तापमान पाहून ती निर्णय घेऊ लागली असती. आता ती प्रत्येक फोल्डरमधली, ड्रायव्हरचे नाव लिहिलेली फाईल वाचून के१०टेम्प शोधते आणि मगच तापमान घेते. ९५ ची मर्यादा तशीच ठेवली.

कारखान्याच्या दुसऱ्या शेडमध्ये याच मॉडेलचा, पण नंतरच्या खेपेतला आणि वेगळ्या बायॉस आवृत्तीचा एक मिनी पीसी आहे. त्याने कधी तक्रार केली नव्हती. त्यावरही तेच मॉड्यूल चढवून कच्चा शब्द पाहिला, तर १७ आणि १६ हे दोन्ही बिट शून्य निघाले. वजाबाकी झाली नाही आणि आधी दिसणारा ४३ हा आकडा ४३ च राहिला. प्रोसेसरचे नाव दोन्हीकडे अक्षरशः एकच आहे, त्यामुळे नावांच्या यादीत ४९ ची एक ओळ वाढवून मी मोकळा झालो असतो तर या दुसऱ्या यंत्राने ४३ च्या जागी उणे ६ अंश दाखवले असते. दोन्ही यंत्रांवर आता एकच मॉड्यूल आहे. पुरवठादार ज्या दिवशी नवा कर्नल देईल त्या दिवशी त्यातली मूळ दुरुस्तीच चालावी आणि आमचे जुने मॉड्यूल तिच्यावर चढून बसू नये, यासाठी डीकेएमएसच्या फाईलीत फक्त सध्याच्या कर्नल मालिकेपुरतीच बांधणी करण्याची अट घातलेली आहे.